एसटी आली तेव्हा मी घरी होते

मागच्या सोमवारी दुपारी मशीनवर ब्लाउज शिवत होते, तेव्हा डेपोतून फोन आला. ताई, तुमच्या गावच्या सकाळच्या गाडीत माणसंच नसतात... बुधवारी आमचे साहेब स्वतः गाडीत बसून बघतील, मग ठरवू. बंद करू असं कोणी म्हणालं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

आमचं गाव अनसिंगच्या रस्त्यावरून बरंच आत आहे. या जूनपर्यंत कॉलेजला वाशीमला जाणाऱ्या मुलींना जीपशिवाय काही नव्हतं. कोंबलेल्या जीपमध्ये पोरगी पाठवायची नाही म्हणून दोन घरांनी मुलींचं शिक्षण दहावीनंतर थांबवलं... माझी प्रिया तेव्हा दहावीलाच होती.

मग मी मागे लागले. अर्ज केले, सह्या घेतल्या, शिलाईचं काम टाकून डेपोच्या चकरा मारल्या. गाडी आली त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, सारं गाव गाडीत बसून आलं... आणि पोळा होईपर्यंत गाडीत फक्त कॉलेजच्या पोरी उरल्या.

फोन आल्यावर संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. आले मोजकेच. मी हात जोडून सांगत होते, गाडी बंद पडली तर पोरी घरी बसतील, निदान बुधवारी तरी एसटीने चला... सगळे माना डोलावत होते आणि एकमेकांकडे बघत होते.

तेवढ्यात विमलकाकू उठल्या. नाल्याच्या पुलाजवळ मेथी-सांबार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, लावणाऱ्या बायांमध्ये त्यांचा शब्द चालतो, आणि त्या सगळ्या रोज जीपनेच बाजारात जातात.

"एसटी तुही हाय, तूच बस," काकू म्हणाल्या. "आमाले कोणं इचारलं?"

कानशिलं तापली माझी. इतके महिने मी कोणासाठी पळत होते... उत्तर ओठावर आलं होतं, पण गिळलं. कसंबसं एवढंच विचारलं, की काकू, तुम्ही एसटीत काहून नाही बसत?

मग कळलं. गाडी थांबते शाळेजवळ, आणि भाजी निघते पुलाजवळ. भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन चिखलातून गावभर यायचं, वर ड्रायव्हर टोपलं चढवू देईल की नाही याचा भरोसा नाही. जीप थेट शेताच्या कडेला उभी राहते. गाडी जाताना त्याच पुलावरून जाते... तिथे थांबवता येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बसा बसा म्हणून सगळ्यांच्या मागे लागले होते, अडचण कधी विचारलीच नव्हती.

मी म्हटलं, उद्या ड्रायव्हरशी बोलते. काकूंनी मान हलवली.

"तू नोको बोलू, आमी बोलतो. अन् बुधवारी तू येऊच नोको. तू राह्यली का समदे तुह्याच भरोशावर राह्यतात."

मंगळवारी काकू खरंच ड्रायव्हरशी बोलल्या. काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. फार जड गेलं ते.

बुधवारी सकाळी प्रिया निघाली. मी अंगणात झाडू घेऊन उभी... झाडलेलंच पुन्हा झाडत होते. गाडी आली, शाळेजवळ थांबली, निघाली. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

मग पुलाच्या बाजूला गाडीचा आवाज बंद झाला. एकदम बंद. थांबून लगेच निघेल असं वाटलं होतं, पण निघेचना. टोपल्यांवरून ड्रायव्हरशी वाजलं असेल... साहेबांच्या समोरच काकू भांडत असतील... कोणी आलंच नसेल. फाटकापर्यंत गेले आणि कडी धरून तशीच उभी राहिले. आज मी धावत गेले असते, तर उद्यापासून पुन्हा रोज मलाच धावावं लागलं असतं.

शेवटी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने प्रियाचा फोन. आवाजात नुसती चिडचिड.

"आई, मले बसायले जागाच नाही. मागं समदे टोपलेच टोपले हायत. मी उभी हाय."

मी तिथेच पायरीवर बसले... आणि रडले.

संध्याकाळी डेपोतून निरोप आला, सध्या गाडी चालू राहील. पुढचं गर्दी बघून. म्हणजे रोजचं काम संपलेलं नाही, पण आता ते माझ्या एकटीचं नाही. परवा कळलं, काकूंनी जीपवाल्याशी बोलून त्याची सकाळची फेरी एसटीनंतर करून घेतली. मला विचारलंसुद्धा नाही. क्षणभर लागलं मनाला... मग फार हलकं वाटलं.

काकू मोबाईल वापरत नाहीत. त्यांची नात हे वाचून दाखवेल म्हणून लिहिते... काकू, त्या दिवशी तुम्ही मला घरी बसवलं, तुमचे लई उपकार आहेत.