आवाज वाढव

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी एमआयडीसीत वीज बंद, म्हणून कंपन्या बंद, म्हणून बाप घरी. आम्ही लातूरकडून आलेलो, दिघीत दोन खोल्यांत राहायचो. वडील भोसरीला एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होते. गुरुवारी दुपारचं जेवण झालं की ते सीडीवर एकच सिनेमा लावायचे.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. सहलीच्या बसमध्ये दोन कुटुंबं, खिडकीच्या जागेवरून भांडण, मग दर पंधरा मिनिटांनी गाणं आणि शेवटी लग्न. कुणी मरत नाही, कुणी कुणाला साधी चापटही मारत नाही. असला सिनेमा लोकांना वर्षानुवर्षं का आवडतो, यावर शहाणी माणसं बरंच बोलतात. त्यात गाणी भरपूर आणि दणदणीत असतात, एवढं आमच्या घरी पुरेसं होतं.

भाजीत मीठ कमी पडलं, आईनं माहेरी फोन केला, कुठलंही निमित्त चालायचं. वडील उठायचे, दाराला कडी घालायचे आणि मला म्हणायचे, "आवाज वाढव." मी वाढवायचो. आठ वर्षांचा होतो, रिमोट माझ्याच हातात असायचा. पडद्यावर बस घाटातून जायची, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि आतल्या खोलीत आईचं डोकं भिंतीवर आपटायचं. कधी पट्टा, कधी लाटणं, एकदा कुकरचं झाकण. त्या झाकणानं तिची भुवई फाटली, आतलं हाड दिसलं. मी पडद्यावरून नजर काढली नाही. गाणं संपत आलं की मला घाम फुटायचा, कारण पुढे नुसते संवाद होते आणि संवादांत ती ऐकू यायची.

शेजारची काकू मूळची दिघीचीच. नळावर आईला चिडवायची, "तुमच्याकडं लई आवड हाय ह्या पिक्चरची!"

"ह्यांना आवडतो," आई म्हणायची आणि पदर भुवईपर्यंत ओढायची.

वडील वारले. माझा राग काही गेला नाही. मी त्यांच्यासारखा नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. आता मी चाकणला सुपरवायझर आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, आई आमच्याकडेच असते. ती अजून त्या सिनेमातली गाणी गुणगुणते. तिला ती कशी आवडू शकतात, हे मला कधी विचारवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दुपारी मुलीला टीव्हीवर तोच सिनेमा सापडला. पहिल्याच गाण्याला ती नाचायला लागली. बायको स्वयंपाकघरातून मला काहीतरी उलट बोलली. साधंच होतं, आता आठवतही नाही. माझं डोकं सणकलं. मी उठलो, दाराला कडी घातली आणि मुलीला म्हणालो, "आवाज वाढव."

मुलीनं वाढवला.

आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती उठली. नातीच्या हातून रिमोट घेऊन तिनं आवाज पार बंद केला. पडद्यावर माणसं तोंडं उघडून मुकाट नाचत राहिली. मग तिनं कडी काढली, दार सताड उघडलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भुवईवरचा वण माझ्या छातीशी होता.

"आता मार," ती म्हणाली. "समद्यांना ऐकू जाऊ दे."