झाकणावरचा खळगा

रायपूर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं होती, तेवढ्यात आईनं माझी बॅग पुन्हा उघडली आणि कपड्यांत चिवड्याचा प्लास्टिकचा डबा कोंबला. बाबांनी रेल्वेत आयुष्य काढलेलं, त्यांचं लक्ष सिग्नलकडं. "पोचली की फोन कर," एवढंच ते तीनदा म्हणाले. मी पीएचडीसाठी जर्मनीला निघाले होते आणि रडायचं नाही असं ठरवून आले होते. डब्यानं घोळ केला.

आईची डबा घ्यायची रीत आमच्या चौबे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. गोल बाजारात झाकणावर अंगठा दाबून चांगला खळगा पाडायचा, डबा तिथंच ठेवायचा आणि म्हणायचं, "चल, एक चक्कर मारून येऊ." दुकानदार हसायचा, "दीदी, डब्बा लेना है कि उसका इम्तहान?" मी लाजेनं अर्धी व्हायचे. भांड्यांची दुकानं फिरून आम्ही परतायचो. खळगा भरून आला असेल, तरच डबा घरी यायचा.

आता माझं काम ऐका आणि हसू नका. मी इथं प्लास्टिकला टोचते, तेही कॉम्प्युटरमध्ये. बारीक सुई पॉलिमरमध्ये रुतवली तर तो किती दबेल, सोडल्यावर किती सावरेल, याचं सिम्युलेशन करते. बाबा मित्रांना सांगतात, "पोट्टी संशोधन करून राहिली." कशाचं, ते सांगत नाहीत.

पहिल्याच वर्षी ते संशोधन बुडायच्या बेतात होतं. माझा खळगा प्रयोगशाळेतल्या खऱ्या खळग्यापेक्षा कायम खोल यायचा. माझे गाईड सर म्हणाले, या महिन्यात जुळलं नाही तर काम बंद. म्हणजे मी बॅगेसकट परत चौबे कॉलनीत! सगळं दहादा तपासलं, चूक सापडेना. एका दुपारी घरची आठवण काढत तो रिकामा डबा धुवत होते. झाकणावर उगाच अंगठा दाबला आणि आईचं वाक्य आठवलं. चल, एक चक्कर मारून येऊ.

ओल्या हातांनीच प्रयोगशाळेत धावले. तिथल्या बाईंना विचारलं, तुम्ही खळगा मोजता कधी? त्या म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि मी शहाणी, सुई उचलल्या क्षणी मोजत होते! प्लास्टिकला सावरायला वेळच दिला नव्हता. गणितात तेवढा वेळ वाढवला आणि आकडे जुळले. आनंदानं आईला फोन केला तर म्हणाली, "मग? एवढी शिकली अन् हे ठाऊक नव्हतं तुले?"

दोन वर्षांनी सुट्टीत घरी गेले. संध्याकाळी सहालाच जेवण मागितलं, चहात साखर नको म्हणाले. धाकटा भाऊ हिंदीत सुरू झाला, "दीदी तो पूरी बदल गई." शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. मला फार लागलं ते. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आत्ता तर आली ते. लगेच काहून पाहून राहिले? दोन दिवस जाऊ द्या, मग पाहा."

तिसऱ्या दिवशी मी गोल बाजारात डब्याच्या किमतीवरून अर्धा तास हुज्जत घालत होते. खळगा पूर्ण भरला नाही, बिनसाखरेचा चहा राहिलाच. पण तिकडं घरी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, एक सांगते. बाहेर सगळे मला लगेच मोजतात. घरी आई आधी एक चक्कर मारून येते.