चहा नको, पैसे द्या

लोकांनी मला चहा पाजून पाजून उपाशी मारायची वेळ आणली होती. हे आता हसत सांगावं असं ओळखीपाळखीच्या बायकांना वाटतं, पण मला हसू येत नाही. अजूनही कुणी न विचारता माझ्यापुढं चहाचा कप आणून ठेवला की माझं डोकं फिरतं.

नऊ वर्षं मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर होते. कंत्राटावर. म्हणजे खुर्ची सरकारची, काम सरकारचं आणि खुर्चीवरचं माणूस कुणाचंच नाही. मार्च संपायच्या आदल्या दिवशी, जेवणाचा डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. "मॅडम, परवापासून येऊ नका, टेंडर दुसऱ्याला गेलं." बस, एवढंच. डबा तसाच झाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून माझा सत्कार केला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी शाल पांघरून, हातात नारळ धरून उभी. साहेब भाषणात म्हणाले, मॅडम म्हणजे आमच्या घरातल्याच. घरातल्या माणसाला कुणी फोनवर घालवतं का, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. विचारलं नाही. उलट सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतला. त्या फोटोतलं माझं हसू बघितलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

नोकरी गेल्याचं दुःख एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं. पण त्या नोकरीच्या जिवावर आमची भाड्याची खोली होती आणि खोलीच्या जिवावर मुलीची शाळा होती. आमचे मालक, मुलीचे वडील, गावाकडं मोठ्या दिरांबरोबर शेती बघतात. गाव नेकनूरच्या पुढं आत, फाट्यापासून चालत. गावातली शाळा सातवीपर्यंत. सातवीनंतर पोरं सायकलीवर बाहेरगावी जातात आणि पोरी घरी बसतात. घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माझी मुलगी नववीची परीक्षा देत होती आणि तिच्यासाठी एक स्थळ येऊनही गेलं होतं.

आठवड्याभरात मोठ्या दिरांचा फोन. "आता तिथं राहून काय करायचंय? शाळा सुरू व्हायच्या आत टेम्पो आणतो. सामान भरा आन या." मालकांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ म्हणतोय तर बघ." हे त्यांचं नेहमीचं. आयुष्यभर भाऊ म्हणतोय, मग मी बघायचं.  मुलीनं दहावीची जुनी पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलीकडून आणून ठेवली होती, ती तिनं कपाटातून काढून उशाशी ठेवली.

मी कामाला फिरले. एका मेडिकलवाल्यानं सांगितलं, "तुमी शिकलेल्या, दिवसभर उभं राहायचं काम तुमाला जमायचं न्हाई." जणू माझे पाय शिक्षणानं झिजले होते. एका शाळेत क्लार्कची जागा होती, पण तिथं पगार मिळायच्या आधी मीच संस्थेला काही लाख द्यायचे होते. अंबाजोगाईला एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर बसायला बोलावलं, तर पगारातला निम्मा एसटीलाच गेला असता. सगळे गोड बोलायचे. "तुमच्यासारखी हुशार बाई घरी बसणार न्हाई बघा." अरे, मग बसवा ना कामाला. पण नाही, तोंड भरून कौतुक आणि हातात काही नाही.

मे महिन्यात गल्लीतल्या बायकांच्या भिशीत माझा नंबर लागला. त्या पैशात जुना लॅपटॉप आणि जुना प्रिंटर घेतला. कचेरीच्या समोर रस्त्यापलीकडं लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं. मुलीनं पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून दिलं, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. पहिल्याच दिवशी रांग. का नाही लागणार? नऊ वर्षं अख्खा तालुका माझ्या खिडकीसमोर उभा राहिला होता. कुणाच्या आधारवर जन्मतारीख चुकलीये, कुणाच्या सातबारावर आजोबाचंच नाव आहे, सगळं मला तोंडपाठ.

आणि संध्याकाळी माझ्या डब्यात काय, तर जेमतेम भाजीपुरते पैसे.

चूक माझीच होती. "मॅडम, काय द्यायचं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते." ओळखीच्या माणसाला आकडा सांगायचा नाही, सांगितला तर आपण हलके ठरतो, हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की जीभच उचलत नाही. आणि समोरचा तरी कुठं परका? तोही त्याच वळणाचा. "तुमाला पैसे देऊन तुमचा अपमान कावून करू? थांबा, चहा सांगतो." असं म्हणून रस्त्यापलीकडं ओरडायचा, "मॅडमला एक स्पेशल." कागद घडी करून खिशात घालायचा आणि चालू पडायचा. दिवसाला आठ-आठ, दहा-दहा चहा. नको म्हटलं तर रागावायचे. पित्तानं माझी छाती जळायची. एक दिवस चहावाला स्वतः कप घेऊन आला आणि खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमी बसल्यापासून माझा धंदा लई वाढलाय."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. लोक पैसे देत होते की. कामाचे पैसे रोजच्या रोज, रोख देत होते. फक्त माझे पैसे त्याला देत होते. त्याचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी तो कप मी त्याच्यासमोर झाडाच्या बुडात ओतला.

जून उजाडला. दिरांनी टेम्पोचा दिवस कळवला, शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार. मी हिशेब केला तर भाडं निघत नव्हतं, दहावीची फी तर लांबच. मुलीचा ड्रेस आखूड झाला होता. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडं कापड दिलं होतं, ते आणायला गेले. तिनं शिवून, इस्त्री करून ठेवला होता. मी म्हटलं, "किती झाले?" ती म्हणाली, "तुमच्याकडून काय घ्यायचं? तुमी माझं रेशनकार्ड करून दिलं होतं." आणि मी, रोज झाडाखाली बसून लोकांना मनात शिव्या घालणारी मी, काय म्हणाले असेन? म्हणाले, "बरं, मग चहाला तरी या."

तोंडातून शब्द गेला आणि मला स्वतःचीच शिसारी आली. बाईनं मान हलवली आणि मशीनवर वाकली. तिच्या खांद्यावरचा ब्लाउज उसवला होता, तिला स्वतःचा शिवायला वेळ नव्हता. ही बाई गेली कित्येक वर्षं गल्लीभर असाच चहा पीत असणार. मी तिच्या मशीनवर हात ठेवला, तिला थांबवलं. म्हटलं, "आकडा सांगा. सांगितल्याबिगर मी इथून उठत न्हाई."

ती लाजली. "जाऊ द्या की." मी हलले नाही. ती पदराचं टोक पिळत राहिली. मग खाली बघून, चोरी कबूल करावी तसं पुटपुटली, "दीडशे." मी दिले. ते हातात घेतल्यावर ती ताठ बसली आणि म्हणाली, "आता तुमी सांगा. माझ्या पोरीचा दाखला काढायचाय, त्याचे किती?" मला घाम फुटला. खरंच फुटला. ती म्हणाली, "सांगा की, म्या कुठं खाणार हाय तुमाला." मी म्हटलं, "साठ." ती म्हणाली, "ऐकू न्हाई आलं." मी पुन्हा म्हटलं. अशा आम्ही दोन मोठ्या बायका खोलीचं दार लावून एकमेकींना आपल्या कामाचे भाव सांगत बसलो. आम्हाला कुणी हे शिकवलंच नव्हतं. सत्कार कसा घ्यायचा ते शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं पुठ्ठा उलटा करून मागच्या बाजूला दर लिहिले. खाली मी सांगून एक ओळ लिहून घेतली, चहा नको. लोक चिडले. "मॅडम बदलल्या." "नोकरी गेली तसं पैशाला हपापल्या." एक गृहस्थ रागारागानं कागद उचलून निघून गेले, स्वस्तात होतंय का बघायला केजपर्यंत जाऊन आले आणि दुपारी मुकाट्यानं साठ रुपये ठेवून फॉर्म भरून घेतला. चहावाला आठ दिवस माझ्याकडं बघत नव्हता. दहाव्या दिवशी मी दहावीच्या फीचा पहिला हप्ता भरला. पावती मुलीनं पुस्तकात ठेवली.

शनिवारी दीर आले. टेम्पो झाडाखालीच लावला. माझ्यापुढं सात-आठ माणसं बसली होती. मोठ्या दिरासमोर आमच्याकडं डोक्यावरचा पदर सांभाळायचा असतो, मान वर करायची नसते. मी पदर घेतला. ते रांग सोडून थेट पुढं आले, खुर्ची ओढून बसले आणि खिशातून कागद काढले. त्यांच्या मुलाला अंबाजोगाईला कॉलेजात घालायचं होतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. "एवढं आधी करून टाक, मग सामान भरू." आणि रस्त्यापलीकडं ओरडले, "ए, दोन चहा पाठव बे."

त्यांच्या पोराला अंबाजोगाईला धाडायचं आणि माझ्या पोरीला टेम्पोत घालून घरी न्यायचं, आणि दोन्ही कामांची सुरुवात मीच करून द्यायची.  मी फॉर्म भरला. नीट भरला, एक चूक केली नाही. प्रिंट काढून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "भाऊजी, साठ रुपये."

ते हसले. "घरच्याकडून पैसे घेती का?"

"कचेरीतही नऊ वर्षं मी घरचीच होते," मी म्हटलं. "त्यांनी शाल दिली. साठ रुपये द्या."

 दिरांनी पुठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझी मान वर होती. त्यांनी शंभरची नोट टेबलावर आपटली. मी चाळीस परत दिले.

"सामान बांधलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. पोरीची फी भरलीये. आम्ही येत नाही."

त्यांनी स्वतःचा चहा पिला, मग माझाही पिला आणि उठले. टेम्पोवाला मला विचारायला आला, "मॅडम, रिकाम्या फेरीचे पैसे कोण देणार?" मी म्हटलं, "ज्यांनी बोलावलं ते."

संध्याकाळी मालकांचा फोन आला. आवाज दबका. "भाऊ लई तापलाय. तू त्याच्याकडून पैसे घेतले?"

"घेतले. साठ."

 मग म्हणाले, "बरं केलंस."

"हे भावाच्या तोंडावर बोला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सोमवारी मुलगी नवा ड्रेस घालून दहावीच्या वर्गात जाऊन बसली.