पोचट दाणे

बियाण्याच्या औषधाचा उग्र वास आला की मला आईचा पदर आठवतो. ती एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत दिवसभर पोचट दाणे निवडायची. पॉलिटेक्निकला असताना मी जुन्या कूलरचा पंखा तेलाच्या डब्याला जोडून तिच्यासाठी यंत्र केलं. वरून बी ओतलं की पोचट दाणे उडून बाजूला पडायचे. चांगल्या ढिगात तिनं कितीतरी वेळ बोटं फिरवली, पण एकही पोचट दाणा सापडला नाही. "बराबर निवडून राह्यलं रे," ती म्हणाली, आणि मग हळूच, "पण कंपनीत दाखवू नको. आम्ही बायांनी मंग कुठं जावं?" मी ते त्याच दिवशी खोलून टाकलं. पुढं कंपनीनं बाहेरून मोठं यंत्र आणलंच. आता पाकिटातले स्वच्छ तांदूळ ताटात घेऊन आई रोज निवडत बसते.