समोर कोण होतं?

“ते सरी. पण समोर कोण होतं?”

कुणी काही जिंकल्याचं सांगू लागलं, की अण्णा ओठांत धरलेली टाचणी काढून एवढंच विचारत. मग तो क्रिकेटचा सामना असो, नाहीतर निवडणूक. मी बँकेतली बढतीची परीक्षा पास झालो, तेव्हा पेढा तोंडात टाकूनही त्यांनी हेच विचारलं. आनंदावर विरजण घालणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. आमचे अण्णा त्यातले पहिल्या नंबरचे.

नव्वदच्या दशकात मी नागपूरहून बदलून बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत त्यांच्या शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागलो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की ‘सरी’ म्हणजे ‘ठीक’ हे कळेपर्यंत पहिले काही महिने मी नुसतीच मान डोलवत असे. तरुणपणी अण्णा बॉक्सिंग करत. नाक तेव्हापासून वाकडं राहिलं होतं, आणि कपाटात पदकांची पेटी होती.

“अण्णा, केवढ्या लढती जिंकलात! पुन्हा पुन्हा रिंगमध्ये उतरायला छाती लागते,” मी वाद घाली.

“लागते रे. पण समोरची निम्मी पोरं उपाशीपोटी आलेली असायची. त्यांना पाडलं म्हणून मी मोठा काय?”

त्यांच्या लेखी खरी लढत एकच, आणि ती ते हरले होते. समोर होता कॉक्स टाउनचा एक गडी. त्या काळी शहरात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता म्हणे. अण्णा तिन्ही फेऱ्या पाय रोवून उभे राहिले आणि गुणांवर हरले. “पण पडलो नाही,” हे सांगताना त्यांची वाकलेली पाठ सरळ होई.

एकदा पँटची उंची कमी करून घ्यायला आलेले एक जुने पंच सहज बोलून गेले, “त्या लढतीचं काय घेऊन बसलात? त्याचा उजवा हात मोडलेला होता तेव्हा.”

मशीन थांबलं. ते त्या दिवशी पुन्हा सुरू झालं नाही. जन्मभर जपलेली एकुलती एक लढत, तीसुद्धा मोडक्या हाताच्या माणसाशी? रविवारी सकाळी अण्णा मला म्हणाले, “स्वल्प चल रे माझ्याबरोबर. एकट्यानं विचारायला होत नाही.”

कॉक्स टाउनचा तो गडी घराच्या व्हरांड्यात बसला होता. अण्णांना ओळखून हसला. दोघं कानडीत बोलत होते. मला तोवर ते कळू लागलं होतं. अण्णांनी आढेवेढे न घेता विचारलं, “त्या दिवशी तुझा हात आधीच मोडलेला होता काय?”

“आधी?” त्यानं उजवा हात पुढे केला. बोटं अर्धवट वाकून तशीच राहिलेली. “दुसऱ्या फेरीत तुझ्या कपाळावर मोडला. वाटलं होतं, पडशील. तू पडलास कुठे? शेवटची फेरी डाव्या हातानं काढली.”

“मग?”

“मग काय. पुन्हा रिंगमध्ये उतरलो नाही.”

अण्णांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. त्यांनी खूश व्हायला हवं होतं. परतीच्या बसमध्ये ते कपाळावर हात ठेवून बसले. “लोक म्हणतात, त्याच्या लढती मोजक्याच, तो कसला मोठा. मोजक्या का, ते मलाच ठाऊक नव्हतं रे.” त्यांनी डोळे पुसले.

त्यानंतर तो प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मला तो ऐकावासा वाटे. दुसरं एक मात्र सुरू झालं. ‘दाबली की लागली, टिचबटणं म्हणजे आळशाचं काम’ असं गिऱ्हाइकांना सुनावणारे अण्णा दर दिवाळीला टिचबटणांचा एक शर्ट शिवू लागले. तो कॉक्स टाउनला स्वतः नेऊन देत, बसच्या गर्दीत चुरगळू नये म्हणून छातीशी धरून.

काही वर्षांनी अण्णा गेले. तेराव्याला घरच्यांनी फोटोसमोर सगळी पदकं मांडली होती. एक पाहुणे कौतुकानं ती मोजत होते. तेवढ्यात टिचबटणांचा शर्ट घातलेला एक म्हातारा आत आला आणि फोटोसमोर उभा राहिला. त्यानं हात जोडले, पण उजव्या हाताची बोटं डाव्याला टेकेनात.

पाहुण्यांनी मोजणं थांबवून मला हळूच विचारलं, “हे कोण?”

“समोर हे होते,” मी म्हणालो.