बोकडाच्या करीतली अख्खी मिरची

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, जर्सी सिटीत मला स्वस्तात खोली मिळाली, ती एका थापेवर. घरमालकीणबाई जमैकाच्या. आठवडाभर नर्सची ड्यूटी करायच्या, म्हणून रविवारच्या स्वयंपाकाला हातभार लावणारा भाडेकरू त्यांना हवा होता.

"करी येते?"

"मॅडम, मी करीच्या देशातला!"

खरं तर आमच्या कोल्हापुरात रस्सा असतो, आमटी असते. करी मी फक्त हॉटेलच्या मेनूकार्डावर वाचलेली. आणि स्वयंपाक म्हणाल, तर चहा.

पहिल्याच रविवारी चर्चचे पाद्री जेवायला येणार होते. बाईंनी करीची पिवळी पूड तेलात काळपट होईपर्यंत परतली. "करपली," मी म्हणालो. "गप्प बस आणि शीक," त्या म्हणाल्या. बोकडाचं मटण शिजत आल्यावर त्यांनी टोमॅटोच्या पिल्लासारखी एक पिवळी मिरची देठासकट वर अलगद ठेवली.

"ही फक्त वासाला. मी चर्चहून येईपर्यंत फुटू देऊ नकोस. फुटली तर तू आणि तुझी बॅग रस्त्यावर."

आता कोल्हापुरी माणसासमोर अख्खी मिरची नुसतीच तरंगते म्हणजे काय? वाया जाणार की! डावानं जराशी दाबली. फुटलीच. थेंबभर रस्सा चाखला आणि कानांत शिट्ट्या वाजायला लागल्या.

घाबरून जवळच आयसेलिन गावात राहणाऱ्या माझ्या काकूंना फोन लावला. त्या शुद्ध शाकाहारी, म्हणून मटणाचं नाव काढलं नाही.

"काकू, बटाट्याची भाजी फार तिखट झालीय."

"मग दोन बटाटे टाक."

"बटाट्याचीच आहे हो!"

"मग टाकून दे मेल्या, आणि इकडे जेवायला ये."

बटाटे टाकले. नारळाच्या दुधाचा डबाही ओतला. पुन्हा चाखलं, पुन्हा शिट्ट्या. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

टेबलावर पाद्रीबुवांची प्रार्थना चालली होती आणि मी डोळे किलकिले करून माझ्या खोलीच्या दाराकडे बघत होतो. त्यांनी चमचा उचलला तसा मी ओरडलो, "थांबा! मिरची मी फोडली!"

बाईंनी बोटाच्या टोकानं चाखलं. डोळे पाणावले. "मुद्दाम?"

"वाया जाईल वाटलं."

पाद्रीबुवा खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, वर दोन डाव करी. "संपव. बॅगेचं मग बघू."

बाकीच्यांनी भात आणि तळलेली केळी खाल्ली. मी नाक पुशीत, उचक्या देत शेवटच्या शितापर्यंत जेवलो. तेव्हा कुठे बाईंनी दुधाचा ग्लास पुढे सरकवला.

"पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, "चर्चला जाताना मिरची मी पर्समध्ये घालून नेणार आहे."