माप लाजेनं सांगू नका

"ऑपरेशन चांगलं झालं, काका. पण लघवी रोखून धरणारा स्नायू ढिला पडला आहे," डॉक्टर म्हणाले. "याला यूरिनरी इनकॉन्टिनन्स म्हणतात. म्हणजे तुमची इच्छा नसताना लघवी गळणं."

मी म्हटलं, "मले माहीत आहे. माह्या पायजम्याले पण माहीत आहे."

गडचिरोलीच्या दवाखान्यातलं हे बोलणं. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी एक गाठ असते, तिले प्रोस्टेट म्हणतात. म्हातारपणी ती वाढते अन् लघवीची वाट दाबते. माह्यी इतकी वाढली की लघवी बंदच पडली. दुर्बिणीनं ती कापली. ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी काढली तवा वाटलं, सुटलो. सुटलो नाई, गळायले लागलो. उठलो की गळते, खोकललो की गळते, हसलो की गळते. हसणं तसंही कमीच झालं होतं. माह्यी बायको विमल उन्हाळ्याच्या तोंडी, मोहफुलं वेचायच्या दिवसात गेली अन् मी दिवाळीनंतर दवाखान्यात गेलो.

मी चौथी शिकलो. बांबू तोडले, धान लावला, यात जिंदगी गेली. पुस्तकासारखं लिहिता येत नाई. पण माह्या वयाचे, माह्यासारखे गळणारे किती आहेत ते मले आता समजलं, म्हणून लिहून राह्यलो. लिंग म्हणा, इंद्रिय म्हणा. गावात जे म्हणतात ते इथी लिहीत नाई, पण गोष्ट त्याचीच आहे. ज्याले वाचायची लाज वाटते त्यानं दार लावून वाचावं.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. लघवी मधातच थांबवताना जो स्नायू आवळतो, तो आवळायचा अन् सोडायचा. केगल म्हणतात त्याले. बसल्या बसल्या होते, कोणाले दिसत नाई. पण फरक पडायले कितीक महिने लागतात.

माह्यापाशी तेवढे महिने नव्हते. विमलचं वर्ष भरत आलं होतं. आम्ही बौद्ध लोक. वर्षाला विहारात गेलेल्याच्या नावानं पुण्यानुमोदन असते. भन्ते येतात, परित्राण पाठ होते, घरचा माणूस समोर बसतो. पांढरे कपडे घालून, पांढऱ्या चादरीवर, पाठ संपेपर्यंत. पोरगी सुनंदा चामोर्शीला दिली आहे, तिनं भन्तेंना दिवस विचारून ठेवला होता. चाळीसच्या वर वर्षं जिनं माह्या घरी काढली, तिच्या फोटोसमोर मी ओल्या पायजम्यानं बसू का? अन् बसलो नाई तर कोण बसन?

मी डॉक्टरांना तसंच सांगितलं. ते हसले नाई.

"तोपर्यंत बाहेरून लावायचं साधन आहे," ते म्हणाले. "एक पॅड. एक कंडोम कॅथेटर. तो निरोधसारखा लिंगावर चढवायचा, पुढे नळी असते, नळी पायाला बांधलेल्या पिशवीत जाते. आणि एक क्लॅम्प असतो, चिमट्यासारखा. तो दाब देऊन लघवी अडवतो, पण तासा-दोन तासांनी सोडावाच लागतो आणि झोपताना लावायचाच नाही. ज्याला विसरायची सवय आहे त्याला मी तो देत नाही."

"मी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतो," मी म्हटलं.

"मग कंडोम कॅथेटर." त्यांनी आधी सोनोग्राफी केली. लघवी केल्यावर पोटातल्या पिशवीत किती उरते ते पाहिलं. हे महत्त्वाचं आहे. ज्याची लघवी आत तुंबते, त्याचं काम बाहेरच्या साधनानं होत नाई. त्याचा इलाज वेगळा. माह्यी तुंबत नव्हती. मग ते म्हणाले, "सिस्टर माप घेतील, मापाप्रमाणे घ्या."

सिस्टर मुलचेराकडच्या बंगाली गावातली. मराठी आपल्यासारखीच बोलते. तिनं कागदाची पट्टी काढली अन् म्हणाली, "चला बाबाजी, पडद्यामागे."

मी म्हटलं, "माह्यी एसटी आहे," अन् निघून आलो. बाईनं माप घ्यायचं म्हणजे काय? एसटी नव्हती. स्टँडवर किती वेळ बसलो ते मलेच माहीत.

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली. दुकान भरलेलं. दुकानदारानं सगळ्यांदेखत विचारलं, "साईज?"

माह्या बाजूला आमच्या गावचा लहानू उभा, गुडघ्याचं तेल घ्यायले आलेला. म्हणते कसा, "सांग ना गा! सातबारा मागून राह्यला का तो?"

मी म्हटलं, "मोठा."

"ऐका! म्हाताऱ्याले मोठा पाहिजे म्हणते!" लहानू असा हसला की दुकानातल्या बायाही तोंड फिरवून हसल्या. मीही हसलो, अन् थोडा गळलो.

बाबांनो, इथीच माती खाल्ली मी. लघवीच्या साधनाचं माप म्हणजे मर्दानगीचं माप नाई. चपलेचं असते तसं माप आहे ते. मोठी चप्पल घालून कोणी मोठा होत नाई, तोंडावर पडते.

तो मोठा कंडोम कॅथेटर मले टिकेच ना. चार पावलं चाललो की सरकून खाली. दिवस जवळ येऊन राह्यला होता. आमच्याकडे फवारणीच्या पंपाची नळी सैल झाली की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळतात. मग एक थेंब गळत नाई. मी तेच केलं. बुडाशी ट्यूबची पट्टी दोन वेढे मारून आवळली.

एक थेंब गळला नाई. इतका खूश झालो की पांढरा पायजमा घालून सकाळच्या एसटीनं सुनंदाकडे गेलो. मनात होतं, पोरीले दाखवतो की तिचा बाप बसू शकते.

तिच्याकडे जेवायले बसलो तवा खाली जड वाटायले लागलं. मग मुंग्या. मग काहीच समजेना, जसं ते माह्यं नाईच. संडासात जाऊन पाहिलं तर वांग्यासारखं जांभळं अन् फुगलेलं. पट्टी सुजीत बुडाली होती, नखानं शोधूनही सापडेना.

बाहेर आलो. सुनंदा म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"काई नाई."

"काई नाई तर भिंतीले काऊन धरून राह्यले?"

बाप पोरीले हे कोणत्या तोंडानं सांगते? तिची माय असती तर तिलेच सांगितलं असतं. माय नव्हती. सांगितलं. पोरगी रडली नाई, लाजली नाई. जावयाले हाक मारली, "गाडी काढा, बाबाले गडचिरोलीले न्यायचं आहे," अन् माह्या हातात बर्फ दिला. दवाखान्यात समजलं, तो फडक्यात गुंडाळून धरायचा असते, नुसता चामडीवर नाई.

मोटारसायकलवर जावयाच्या मागं बसून तो सारा रस्ता कसा काढला, ते लिहीत नाई.

दवाखान्यात तीच सिस्टर. तिनं एक नजर टाकली अन् डॉक्टरांना ओरडून बोलावलं. बारीक कात्रीनं पट्टी कापली. रक्त परत आलं तवा जे दुखलं ते लघवी बंद पडली होती त्याच्याहून जास्त.

डॉक्टर रागावले. "बांधल्याने रक्त आत जातं, पण बाहेर येत नाही. अजून उशीर झाला असता तर चामडी सडली असती. मग काय कापलं असतं ते सांगू का?"

"नका सांगू," मी म्हटलं.

मग राग उतरल्यावर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पुरुष अंगठ्याही वापरतात, रबराच्या. संबंधाच्या वेळी ताठरपणा राहावा म्हणून. त्याही अर्ध्या तासाच्या वर ठेवायच्या नसतात. सहज निघेल अशीच घ्यावी, धातूची तर घेऊच नये, सूज आली की निघत नाही. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरला विचारावं. झोपताना काढलीच पाहिजे. तुमची ट्यूब तर सकाळपासून होती."

"माह्यी बाई गेली," मी म्हटलं. "मले त्या अंगठीचं काय काम?"

"बाई गेली म्हणून शरीर जात नाही, काका. कधी काही विचारायचं झालं तर विचारा. दुकानात नका विचारू, मला विचारा."

हे बोलणं मले लागलं. चांगल्या अर्थानं लागलं. विमल गेल्यापासून माह्या शरीराबद्दल कोणी बोललंच नव्हतं. जेवले का, एवढंच विचारत.

चामडी फाटली होती. जखम भरेपर्यंत काही लावायचं नाई, पॅडच वापरायचा असं ठरलं. मी घरी बसलो. गळू नये म्हणून पाणीही पिणं सोडलं. तीही चूकच. लघवी पिवळीधमक झाली, आग व्हायले लागली. तपासणीले गेलो तवा डॉक्टर म्हणाले, "पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, पिशवीला टोचते, अजून गळते. या उन्हात मूत्रपिंडं बिघडवून घ्यायची आहेत का?" त्या दिवसापासून पाणी परत सुरू केलं. चहा कमी केला.

चामडी चांगली झाली तवा मी स्वतःच सिस्टरले म्हटलं, "बाई, घ्या माप."

"आज एसटी नाही का बाबाजी?" तिनं विचारलं.

कागदाची पट्टी फिरवली, खूण केली, तक्त्यावर ठेवली. लहान. सगळ्यात लहानाच्या एक वरचा. चंद्रपूरहून मागवावा लागला. रबरानं कधी खाज सुटते का, तेही तिनं विचारलं. ज्याले सुटते त्यानं सिलिकॉनचा घ्यावा.

मग तिनं शिकवलं, अन् माह्या हातानं लावून घेतलं. केस कात्रीनं बारीक करायचे, वस्तऱ्यानं नाई, कापलं की जखम होते. साबणानं धुवायचं अन् पूर्ण कोरडं करायचं. आपल्याकडच्या घामात हेच अवघड, म्हणून मी पंख्याखाली उभा राहतो. तेल नाई, पावडर नाई, नाईतर चिकटत नाई. पुढची कातडी मागं ओढून ठेवायची नाई, आहे तशी राहू द्यायची. टोकापुढं बोटभर रुंदीची जागा सोडून मग उलगडत वर न्यायचं. चिकटवायचा गोंद त्याच्या आतमध्येच असते, मुठीत थोडा वेळ हलकं धरलं की बसते. वरून काहीच बांधायचं नाई. काहीच म्हणजे काहीच. दोरा नाई, ट्यूब नाई, रबर नाई, चिकटपट्टी नाई.

रोज काढून नवीन लावायचा. काढताना कोमट पाणी, अन् ओढायचं नाई, गुंडाळत आणायचं. मग चामडी पाहायची. लाल आहे का, सूज आहे का, रंग बदलला का. तसं दिसलं, दुखलं, नाईतर पिशवीत लघवीच येत नसन, तर लगेच काढून दवाखाना गाठायचा. मी रात्री लावतच नाई, खाली पॅड घेतो. चामडीलेही हवा लागते.

आता मांडीचा प्रश्न उरला होता. मांडी घातली की नळी मुडते, लघवी मागं येते अन् साधन सुटते. हे मले घरी चटईवर बसून समजलं. सिस्टरनं पिशवी पोटरीच्या बाहेरच्या बाजूले बांधायले लावली, नळी गुडघ्यापाशी थोडी ढिली ठेवली, अन् तो पाय अर्धा लांब करून बसायले सांगितलं. पिशवी नेहमी खाली पाहिजे, अन् अर्धी भरली की रिकामी करायची. मी रोज तसा बसून पाहत होतो. समोर विमलचा फोटो ठेवत होतो, मग सराव वाटत नसे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरलं होतं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खाली पांढरी चादर. लहानू कानात म्हणाला, "पाय काऊन लांब केला गा? नवरदेव झाला का?" मी म्हटलं, "चूप बस, भन्ते पाहून राह्यले."

पाठ सुरू झाला. मधात खोकला आला. गळलं, ते मले समजलं, नळीतून गरम खाली गेलं. चादर कोरडी. मग मी त्याचा विचार सोडला अन् विमलचा केला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा फक्त तिचा केला. रडलोही. रडताना गळते, तेही खाली गेलं.

जेवणं झाली तवा विमलचा धाकटा भाऊ धर्मदास माह्यापाशी आला. पाठभर तो दारातच उभा होता. बोलावलं तरी आत आला नाई, म्हणून मी मनातून त्याच्यावर चिडलो होतो.

"भाऊजी, तुम्ही मधात एकदाही उठले नाई," तो म्हणाला.

"नाई उठलो."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "माह्यं दोन वर्षांपासून गळते. कोणाले सांगितलं नाई. विमलबाई गेली तवाही मी तिच्यापाशी बसू शकलो नाई. लोकायनं काय म्हटलं असन."

मी त्याले विहाराच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी नेलं अन् पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. तो वाकून पाहत राह्यला.

"दुखते का?"

"माप बरोबर असन तर नाई. पण तुह्यं आधी तपासावं लागन, काऊन गळते ते. आपल्या मनानं घेऊन लावायचं नाई."

येत्या सोमवारी त्याले घेऊन गडचिरोलीले जाऊन राह्यलो. त्यानं एकच विचारलं, माप कोण घेते, बाई का?

मी म्हटलं, "बाईच. तुह्या बहिणीसारखी आहे. तोंडानं फटकळ, हातानं हलकी."